पुतणीच्या पाठीचा बाक ४६ अंश : शस्त्रक्रिया कोणती आणि केव्हा?

मांजराकाठ

नमस्कार. माझ्या थोरल्या भावाची मुलगी शिक्षणासाठी लातूरला आमच्याकडे राहते. तिला नुकतेच बारावे वर्ष पूर्ण झाले आहे. गेल्या दिवाळीत ती अंगणात ओणवी होऊन रांगोळी काढत असताना मागे उभ्या असलेल्या आमच्या आईला तिच्या पाठीची उजवी बाजू डावीपेक्षा बोटभर उंच दिसली. सरळ उभी राहिली की मात्र कपड्यांखाली काहीच कळत नव्हते. तेव्हाच्या एक्स-रेमध्ये छातीच्या भागातील मणक्यांचा बाक ३४ अंशांचा निघाला आणि आता एप्रिलमध्ये काढलेल्या एक्स-रेमध्ये तो ४६ अंश भरला. दुखणे नाही, धाप लागत नाही, शाळेच्या खो-खो संघात ती नियमित खेळते. पाळी अजून सुरू झालेली नाही.

आम्ही तिला तीन तज्ज्ञांना दाखवले. एकांनी सांगितले की वय लहान आहे, धडाभोवती घट्ट बसणारा पट्टा (ब्रेस) लावा आणि सहा महिन्यांनी या. दुसऱ्यांचे म्हणणे असे की स्क्रू आणि रॉड घालून मणके एकमेकांना जोडून टाकावेत, उशीर करू नये. तिसऱ्यांनी छातीच्या बाजूने मणक्यांवर दोरी ताणून बसवण्याची नवीन शस्त्रक्रिया सुचवली. त्यात मणके जोडले जात नाहीत आणि उरलेली वाढच बाक सरळ करते, असे ते म्हणाले. भाऊ-वहिनी गावाकडे शेती पाहतात आणि त्यांनी निर्णय माझ्यावर सोपवला आहे. एकाच एक्स-रेवरून तीन अनुभवी माणसे तीन दिशा का दाखवतात, हे मला समजून घ्यायचे आहे. कोणत्याही डॉक्टरांचे किंवा रुग्णालयाचे नाव येथे लिहू नये, ही विनंती.

अस्थिवेध

मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे आणि मराठवाड्यातच काम करतो. मणक्याच्या बाकाच्या मोठ्या शस्त्रक्रिया मी स्वतः करत नाही, असे रुग्ण पुढे पाठवतो. त्यामुळे कोणत्याही एका पद्धतीकडे माझा ओढा असण्याचे कारण नाही. मुलीला न तपासता मी निर्णय सांगणार नाही, पण तीन मते का आली ते सांगता येईल.

आधी आकड्याविषयी. हा कोन मोजण्याची रीत जॉन कॉब यांनी १९४८ मध्ये मांडली आणि आजही तीच वापरतात. एकाच एक्स-रेवर दोन डॉक्टरांच्या मोजमापात ५ अंशांपर्यंत फरक पडू शकतो, म्हणून ३४चे ३८ झाले असते तर मी घाबरू नका म्हटले असते. सहा महिन्यांत १२ अंश ही मात्र मोजणीतील चूक नव्हे, ती खरी वाढ आहे. वाढ संपल्यावर छातीच्या भागातील बाक ५० अंशांपुढे असेल तर तो प्रौढपणीही साधारण वर्षाला एक अंश या गतीने सरकत राहतो, असे अनेक दशके रुग्णांचा मागोवा घेऊन दिसले आहे. त्यावरूनच ४५ ते ५० अंश ही शस्त्रक्रियेच्या विचाराची रेषा ठरली.

पण अंश हा अर्धाच प्रश्न आहे. हाच ४६ अंशांचा बाक पाळी सुरू होऊन दोन-अडीच वर्षे झालेल्या पंधरा वर्षांच्या मुलीत असता, तर काही काळ नुसते लक्ष ठेवणेही शहाणपणाचे ठरले असते. तुमच्या पुतणीची उंची झपाट्याने वाढण्याचा काळ आत्ता चालू आहे; मुलींमध्ये हा वेग पाळी येण्याआधीच्या वर्षभरात सर्वाधिक असतो. त्यामुळे तिघांपैकी प्रत्येकाने वेगळाच प्रश्न सोडवला आहे. पहिल्यांनी वाढ शिल्लक आहे म्हणून शस्त्रक्रिया टाळली, दुसऱ्यांनी वाढ शिल्लक आहे म्हणून बाक आणखी वाढेल हे पाहिले, आणि तिसऱ्यांना ती शिल्लक वाढच वापरायची आहे.

म्हणून तुमच्याकडून मला चार गोष्टी हव्यात. कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवरून ठरणारी रिसर पायरी किती आहे? ती ० ते ५ अशी मोजतात आणि ० म्हणजे बरीच वाढ बाकी. डाव्या हाताच्या पंजाचा एक्स-रे काढून सँडर्स पायरी, म्हणजे बोटांच्या हाडांवरून ठरणारी वाढीची अवस्था, पाहिली का? खुब्याच्या वाटीतील वाढीची तीन-फाट्यांची कूर्चा बंद झाली आहे की उघडी? आणि आडवे झोपवून बाजूला वाकवून काढलेल्या एक्स-रेमध्ये बाक किती अंशांपर्यंत सैल होतो? या उत्तरांशिवाय शस्त्रक्रियेवर बोलणे म्हणजे पेरणीची तारीख न विचारता पीक किती आले ते विचारण्यासारखे आहे.

अजिंठावाट

ऐकून वाईट वाटले. शस्त्रक्रियेची एवढी घाई करण्यापूर्वी योगासने, तेलाचे मालिश आणि मणका बसवणारे जुने जाणकार यांचा अनुभव घ्यायला काय हरकत आहे? आमच्या भागात अशा मुली बऱ्या झालेल्या मी पाहिल्या आहेत.

अस्थिवेध

योगासनांनी पाठीचे स्नायू आणि श्वास सुधारतो, त्याला कोणीच नाही म्हणत नाही. बसण्याच्या सवयीमुळे किंवा एक पाय आखूड असल्यामुळे पाठ वाकडी दिसत असेल, तर तो बाक कारण दूर झाल्यावर सरळ होतो. आपण पाहिलेल्या मुली बहुधा त्यातल्या असाव्यात. या मुलीत मणके नुसते बाजूला झुकलेले नाहीत, ते स्वतःभोवती फिरलेलेही आहेत आणि ओणवे झाल्यावर उंच दिसणारी बाजू त्या फिरण्यामुळेच दिसते. हे फिरणे मालिशने उलटत नाही. झटका देऊन मणका बसवण्याचा प्रयोग तर करूच नका, विशेषतः एमआरआय झालेला नसताना. इतक्या वेगाने वाढणाऱ्या बाकामागे कधी मज्जारज्जूत पाण्याची पोकळी किंवा मज्जारज्जू खाली अडकलेला असणे अशी कारणे निघतात, आणि तसे असेल तर उपचारांचा क्रमच बदलतो.

सिंदफणा

मी बीड जिल्ह्यात शिक्षक आहे. आमच्या वसतिगृहातील निम्म्याहून अधिक मुलांचे आई-वडील ऊसतोडीला जातात. दिवाळीनंतर कोयता उचलून ते कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. बारा-तेरा वर्षांच्या मुलीची उंची सर्वांत वेगाने वाढते तो काळ कित्येकदा अशाच एका हंगामात निघून जातो आणि तिच्या पाठीकडे पाहणारे घरचे माणूस जवळ नसते. शाळेत वर्षातून एकदा आरोग्य तपासणीचे पथक येते. पथकातील डॉक्टरांना मी आता स्वतःहून विनंती करतो की सहावी ते आठवीच्या मुला-मुलींना एकदा ओणवे करून मागून पाहा. मुलींची तपासणी महिला डॉक्टर आणि शिक्षिका वेगळ्या खोलीत करतात. एका मुलीला अर्धा मिनिटही लागत नाही.

विषयांतर वाटल्यास क्षमस्व, पण बाक ३४ अंशांवर सापडणे आणि ६० अंशांवर सापडणे यात मुलीपुढचे पर्यायच वेगळे होतात, हे आम्ही जवळून पाहिले आहे.

मांजराकाठ

सिंदफणा सर, हे विषयांतर मुळीच नाही. डॉक्टरसाहेब, तुम्ही विचारलेली माहिती मिळाली. रिसर ०. पंजाच्या एक्स-रेवरून सँडर्स ३. खुब्याची कूर्चा नुकतीच बंद झाली आहे असे अहवालात म्हटले आहे. वरचा बाक बाजूला वाकवल्यावर २१ अंशांपर्यंत उतरतो. कमरेतही २४ अंशांचा उलट दिशेचा बाक आहे, पण वाकवल्यावर तो जवळजवळ नाहीसा होतो. एमआरआय स्वच्छ आहे.

आता माझा पहिला प्रश्न पट्ट्याचा आहे. सर्वांत कमी धोक्याचा मार्ग तोच असेल तर तो आधी का अवलंबू नये?

अस्थिवेध

फार चांगली माहिती आणलीत.

पट्ट्याविषयीचा सर्वांत भक्कम पुरावा २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातील एका मोठ्या अभ्यासाचा आहे. त्यात पट्टा वापरणाऱ्या मुलांपैकी ७२ टक्क्यांचा बाक वाढ संपेपर्यंत ५० अंशांच्या आत राहिला, नुसते लक्ष ठेवलेल्यांत हेच प्रमाण ४८ टक्के होते. पट्ट्यात उष्णता मोजणारी चकती बसवून तो खरोखर किती तास घातला हे नोंदवले होते आणि दिवसाला सरासरी १३ तासांहून अधिक घालणाऱ्यांमध्ये यश ९० टक्क्यांवर गेले. पट्ट्याला पुरावा नाही असे म्हणणाऱ्यांचे तोंड या अभ्यासाने बंद केले. पण त्यात घेतलेल्या मुलांचे बाक २० ते ४० अंशांचे होते. तुमच्या पुतणीचा ४६ झाला आहे आणि वाढीचा जोर अजून चालू आहे. गेल्या दिवाळीत पट्टा हे उत्तर होते. आज पट्टा लावला तर तो शस्त्रक्रिया टाळण्यासाठी नव्हे, फार तर काही महिने पुढे ढकलण्यासाठी असेल. तसे ढकलण्यात काही लाभ आहे का, हे पहिल्या डॉक्टरांना अवश्य विचारा. खुब्याची कूर्चा उघडी असती तर तो लाभ होता, का ते पुढे येईल.

आता मणके जोडण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे फ्यूजन. पॉल हॅरिंग्टन यांनी ह्यूस्टनमध्ये पोलिओने पाठ वाकलेल्या मुलांसाठी १९५०च्या दशकात पहिला रॉड वापरला. तो वर आणि खाली अशा दोनच टोकांना अडकत असे. बाक लांबवून सरळ करी, पण त्याबरोबर कमरेची नैसर्गिक खोलीही सपाट करून टाकी. गावाकडे कोणी तुम्हाला ‘रॉडवाल्या माणसाला जन्मभर पाठदुखी’ असे सांगत असेल, तर ती बहुधा त्या पिढीची आठवण आहे. १९८०च्या दशकात फ्रान्समध्ये कोत्रेल आणि द्युबूसे यांनी अनेक ठिकाणी पकडणारी दुहेरी रॉडची पद्धत आणली आणि पुढे प्रत्येक मणक्यात मागून पुढे जाणारे स्क्रू आले. आज बाक साधारण ६० ते ७० टक्के दुरुस्त होतो आणि मणक्यांचे फिरणेही बरेच उलटवता येते. रॉड हा तात्पुरता आधार असतो. मणक्यांवर पसरलेल्या हाडाच्या चुऱ्यातून सहा महिने ते वर्षभरात जे एकसंध हाड तयार होते, तेच पाठ कायम सरळ धरते.

लहान वयात फ्यूजन केल्यास एक वेगळीच अडचण येऊ शकते, जिचे वर्णन द्युबूसे यांनीच १९८९ मध्ये केले. मागची बाजू जोडली गेल्यावरही मणक्यांची पुढची बाजू वाढत राहते, आणि जागा न मिळाल्याने संपूर्ण कणा जोडलेल्या भागाभोवती फिरू लागतो. खुब्याची कूर्चा उघडी असलेल्या मुलांत हा धोका मोठा असतो. तुमच्या पुतणीची ती बंद झाली आहे आणि आजचे स्क्रू मणक्याच्या मागून पुढपर्यंत पकड घेतात, म्हणून धोका बराच उतरला आहे, शून्य झालेला नाही. दुसऱ्या डॉक्टरांना हा एकच प्रश्न विचारा आणि ते त्याचे उत्तर कसे देतात ते पाहा.

उंची खुंटेल ही सर्वांचीच भीती असते. ढोबळ हिशेब असा की जोडलेल्या प्रत्येक मणक्यामागे दर वर्षी ०.०७ सेंटीमीटर वाढ कमी होते. ९ मणके आणि उरलेली अडीच वर्षे धरली तर साधारण १.६ सेंटीमीटर. बाक सरळ झाल्यामुळे शस्त्रक्रियेच्या टेबलावरच बहुधा याहून अधिक उंची परत मिळते.

गोदावरीतट

डॉक्टरसाहेबांच्या ज्ञानाबद्दल आदर राखून माझे वेगळे मत मांडतो. माझ्या मुलाला हाच आजार आहे, त्यामुळे दोरीच्या पद्धतीविषयी मी बरेच वाचले आहे. नऊ-दहा मणके जन्मभरासाठी सांधून टाकणे हा शेवटचा उपाय असावा. पाठ लवचीक ठेवणारा पर्याय उपलब्ध असताना, आणि मुलगी त्याच्या अगदी योग्य वयात असताना, तो सोडून देणे मला पटत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ मध्ये त्याला परवानगीही दिली आहे.

अस्थिवेध

आपला मुद्दा रास्त आहे आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवे.

दोरीच्या शस्त्रक्रियेला टेदरिंग म्हणतात. फासळ्यांमधील लहान छिद्रांतून दुर्बीण घालून, त्या बाजूचे फुप्फुस काही काळ मिटवून, बाकाच्या बाहेरच्या बाजूने प्रत्येक मणक्यात एक स्क्रू बसवतात आणि त्यांतून पॉलिएस्टरच्या जातीची मजबूत दोरी ओवून ताणतात. वाढणाऱ्या हाडावर दाब आला की तेथील वाढ मंदावते, हे तत्त्व एकोणिसाव्या शतकापासून माहीत आहे. बाहेरची बाजू दाबली गेल्याने मंदावते, आतली मोकळी बाजू वाढत राहते, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत बाक आपोआप कमी होत जातो. कल्पना सुंदर आहे, यात शंका नाही.

२०१९ची परवानगी मात्र नेहमीच्या मार्गाने मिळालेली नाही. अमेरिकेत वर्षाला ८,००० पेक्षा जास्त रुग्ण नसलेल्या आजारांच्या उपकरणांसाठी एक सवलतीचा मार्ग आहे. त्यात उपकरण सुरक्षित असल्याचे आणि लाभ संभवत असल्याचे दाखवावे लागते, परिणामकारकतेचा नेहमीइतका कडक पुरावा मागितला जात नाही. परवानगी आहे तीही ३० ते ६५ अंशांच्या बाकासाठी, वाढ शिल्लक असलेल्या आणि पट्टा निष्फळ ठरलेल्या किंवा सहन न झालेल्या मुलांसाठी. सँडर्स ३, रिसर ०, ४६ अंश, वाकवल्यावर २१ : ही मुलगी त्या चौकटीत जवळजवळ बसते, म्हणून तिसऱ्या डॉक्टरांनी चुकीचे काही सुचवलेले नाही.

अडचण पुढच्या वर्षांत आहे. वाढ अपेक्षेहून जास्त निघाली तर बाक सरळ होऊन विरुद्ध दिशेला जातो आणि दोरी सैल करावी किंवा काढावी लागते. कमी निघाली तर दुरुस्ती अर्धवट राहते. दोरी तुटणे ही तर अपवादात्मक घटना नाही. वाढ संपल्यानंतर तुटली तर कित्येकदा काही करावे लागत नाही, आधी तुटली तर बाक परत येतो. पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण फ्यूजनपेक्षा स्पष्टपणे जास्त आहे आणि त्यातील काही मुलांचे शेवटी फ्यूजनच करावे लागते.

लवचीकपणाविषयी एक गोष्ट लक्षात घ्यावी. छातीच्या १२ मणक्यांना फासळ्या जोडलेल्या असतात, त्यामुळे तो भाग मुळातच फार वाकत नाही. आपण वाकतो ते मुख्यतः कमरेच्या ५ मणक्यांतून आणि खुब्यांतून. फ्यूजन छातीपुरते राहिले तर गमावण्यासारखी हालचाल थोडी असते. मुख्य बाक कमरेत असता तर दोरीचे पारडे जड झाले असते, पण दोरी तुटण्याचे प्रमाणही नेमके कमरेतच अधिक आहे.

माझे स्वतःचे मत विचाराल तर असे : दर चार-सहा महिन्यांनी त्याच केंद्रात जाऊन एक्स-रे काढणे वाढ संपेपर्यंत जमणार असेल, आणि दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली तरी मन आणि खर्च दोन्ही तयार असतील, अशाच घराने दोरी निवडावी. पुणे, मुंबई किंवा हैदराबादला जाणे म्हणजे रात्रीचा प्रवास, एक सुट्टी आणि शेतावरच्या माणसाचा बुडालेला रोज, हे ज्यांना परवडत नाही त्यांना ‘मणके जोडावे लागत नाहीत’ एवढेच सांगून दोरी सुचवणे मला अपुरे वाटते.

गोदावरीतट

सवलतीच्या परवानगीचा तपशील मला ठाऊक नव्हता. तरीही आमचा कल दोरीकडेच राहील, कारण मुलाचा बाक कमरेत आहे आणि नियमित तपासणी आम्हाला शक्य आहे. मतभेद नोंदवून थांबतो.

पूर्णाथडी

मांजराकाठ दादा, माझ्या मुलीचे फ्यूजन चौदाव्या वर्षी झाले. बाक ५८ अंशांचा होता. आईच्या नजरेतून जे पाहिले ते लिहिते, कारण आम्हाला कोणी सांगितले नव्हते.

शस्त्रक्रिया पाच तासांहून जास्त चालली. डोक्याला आणि पायांना तारा लावून मज्जारज्जूचे संदेश सतत मोजत होते. मध्येच पायांचे संदेश कमी झाले, तेव्हा त्यांनी काम थांबवले, रक्तदाब वाढवला, रॉडचा ताण थोडा सैल केला आणि संदेश परत आल्यावरच पुढे गेले. हे सर्जननी नंतर आम्हाला कागदावर काढून समजावले. त्या आलेखावरच्या रेषा पाहिल्यावर मला कळले की या यंत्राविना ही शस्त्रक्रिया करून घेऊ नये, मग कोणी कितीही स्वस्तात करून देवो. बाक थोडा कमी सुधारला तरी चालेल, पाय चालले पाहिजेत.

पहिल्या दोन रात्री कठीण गेल्या. कूस बदलायची तर खांदे आणि कंबर एकाच वेळी, ओंडका लोटावा तशी दोन परिचारिका तिला वळवत. दुसऱ्या दिवशी तिला उभे केले, तेव्हा ती म्हणाली की जमीन तिरकी वाटते; इतकी वर्षे वाकड्या अंगाला सवय झालेली असते. सहाव्या दिवशी घरी आलो. दीड महिन्याने अर्धा वेळ शाळा सुरू झाली, दप्तर मात्र बराच काळ मैत्रीण उचलत होती. जखमेची रेघ मानेच्या खालून कमरेच्या वरपर्यंत आहे आणि तिला ती लपवावीशी वाटत नाही, हे मी तिच्याकडूनच शिकले.

खर्चाविषयी एक सावधगिरी. आम्हाला सांगितलेल्या रकमेत स्क्रू धरलेले नव्हते आणि ते वेगळ्या बिलात आले. बाकाच्या शस्त्रक्रियेत स्क्रूंची संख्या मोठी असते. किती स्क्रू, कोणत्या धातूचे, एकाची किंमत काय आणि यंत्राने संदेश मोजण्याचे शुल्क त्यात आहे का, हे दाखल होण्यापूर्वी लेखी घ्या.

सिंदफणा

याला जोडून लिहितो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. पण प्रत्येक रुग्णालय प्रत्येक शस्त्रक्रियेसाठी योजनेत असतेच असे नाही आणि पूर्वमंजुरी आधी घ्यावी लागते. रुग्णालयातील आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) शस्त्रक्रियेचे नाव नेमके सांगून विचारा, आणि शिधापत्रिकेवर मुलीचे नाव आहे ना हे आजच पाहा. आमच्या एका विद्यार्थिनीचे नाव शिधापत्रिकेवर चढवण्यातच उन्हाळा गेला होता.

वैनगाठ

माझे फ्यूजन होऊन पंधरा वर्षे होऊन गेली. आता मला एक मुलगी आहे आणि तिचा जन्म नैसर्गिकरीत्या झाला. लग्न ठरताना मुलीच्या पाठीत लोखंड आहे, बाळंतपण कसे होणार, हा प्रश्न आमच्याही घरी आला होता. रॉड आहे म्हणून सिझेरियन करावेच लागते असे नाही. फ्यूजन कमरेत खालपर्यंत गेलेले असेल तर पाठीत सुई देऊन भूल देणे अवघड जाऊ शकते, म्हणून भूलतज्ज्ञांना जुने एक्स-रे आधी दाखवावेत, एवढेच. आणि ते लोखंड नव्हे, माझे टायटॅनियमचे आहे. त्यानंतर माझा एमआरआयही झाला आहे.

मांजराकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काल भाऊ आणि वहिनी लातूरला आले होते आणि आम्ही पुतणीलाही सोबत बसवून हा सारा धागा वाचला. दर काही महिन्यांनी दूरच्या केंद्रात जाणे आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेची टांगती तलवार डोक्यावर ठेवणे त्यांना शक्य नाही, असे भावाने स्पष्ट सांगितले. फ्यूजनच्या दिशेने जायचे असे ठरत आहे. या सुट्टीतच करावे की पाळी येईपर्यंत काही महिने थांबावे, हे सर्जन नवीन एक्स-रे पाहून सांगणार आहेत.

पुतणीने मात्र एकच प्रश्न विचारला, आणि तिच्याच आग्रहावरून तो येथे लिहितो : खो-खो खेळता येईल का?

अस्थिवेध

थांबण्याबाबत एवढेच सांगेन की थांबायचे असेल तर तारीख ठरवून थांबा. तीन महिन्यांत एक्स-रे झालाच पाहिजे. ६० अंशांच्या पुढे गेलेला आणि ताठर झालेला बाक सरळ करायला जास्त मणके जोडावे लागतात, आणि जादा मणके बहुधा खालच्या बाजूने जोडले जातात.

तिच्या प्रश्नाचे उत्तर तेथेच आहे. खो-खोत चौकोनात बसणे आणि झटकन उठणे हे गुडघे आणि खुब्यांचे काम आहे, ते फ्यूजननंतर जमते. पळताना वळणे आणि वाकून गडी टिपणे यासाठी कंबर मोकळी हवी. तिच्या कमरेतला २४ अंशांचा बाक वाकवल्यावर जवळजवळ नाहीसा होतो, याचा अर्थ तो वरच्या बाकाला तोलण्यासाठी आलेला आहे. अशा वेळी फक्त छातीचा भाग जोडून कमरेला हात न लावता बऱ्याचदा भागते आणि वरचा भाग सरळ झाला की खालचा स्वतःच सावरतो. फ्यूजन छातीच्या शेवटच्या किंवा कमरेच्या पहिल्या मणक्यापर्यंत थांबले तर ती जमिनीवर मांडी घालून जेवेल, खाली वाकून वस्तू उचलेल आणि मैदानावरही उतरेल. तेच कमरेच्या चौथ्या मणक्यापर्यंत गेले तर खेळ बदलावा लागेल. म्हणून सर्जनना भेटाल तेव्हा ‘सर्वांत खालचा मणका कोणता जोडणार आणि त्याच्या एक वर थांबता येणार नाही का’ हे तिलाच विचारू द्या.

वेळापत्रक साधारण असे असते : पहिले तीन महिने फक्त चालणे, सहा महिन्यांच्या सुमारास हलके धावणे, आणि हाड एकसंध झाल्याचे एक्स-रेमध्ये दिसल्यावर, म्हणजे सहसा वर्षभराने, मैदान. खांबावर सूर मारणे आणि आडवे झेपावणे सर्वांत शेवटी, तेही सर्जनच्या परवानगीने. तिच्या क्रीडाशिक्षकांना हे आत्ताच सांगून ठेवा, म्हणजे पुढच्या हंगामात तिचे नाव संघातून कापले जाणार नाही आणि वेळेआधी तिला कोणी मैदानात उतरवणारही नाही.